हावोद-वेनचा मधला आवाज

आमच्या खोऱ्यात टेग्विनकाकाला दोन गोष्टींसाठी ओळखतात: रस्त्यावर टाकायचं मीठ आणि घशातला खर्ज. दोन्ही हिवाळ्यातच बाहेर निघतात, आणि त्याची थोरली बहीण नेस्टा म्हणते तसं, दोन्ही गरजेपेक्षा जरा जास्तच.

काका कौन्सिलच्या मिठाच्या लॉरीवर ड्रायव्हर. गारठा पडला की रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून पहाटे खिंडीत मीठ भुरभुरत वर जायचं, पलीकडच्या बाजारगावाला वळसा घालून परत यायचं, हे त्याचं काम. टपावरचा पिवळा दिवा गरगर फिरत धुक्यातून चढताना आम्ही अंथरुणातून बघायचो. दिवा दिसेनासा झाला तरी आवाज येत राहायचा. लॉरी चढाला लागली की एक सूर धरते, आणि काका त्याच सुरात खाली कुठेतरी घुमत राहतो. लॉरीनं सूर त्याच्याकडून घेतला की त्यानं लॉरीकडून, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. रस्त्यात बसलेल्या मेंढ्या हॉर्नला उठत नाहीत, त्या घुमण्याला मात्र उठतात. अर्धवट झोपेत, एखादा पाहुणा फार वेळ बसला म्हणून उठावं, तशा.

हावोद-वेन हे त्यांच्या घराचं नाव, म्हणजे शेताचं. आमच्याकडे माणूस शेतावरून ओळखायचा. आडनावाचा उपयोग नाही, निम्मं खोरं जोन्स आहे. आणि शेत ओळखायचं ते त्याच्या गाण्यावरून.

ख्रिसमसच्या पहाटे चर्चमध्ये प्लगाइन असतं. पाद्रीबाबा दोन शब्द बोलून बसतात, आणि मग मेणबत्त्यांच्या उजेडात एखादं घर उठून पुढे येतं. नाव पुकारत नाहीत, कोण कधी येणार ते ठरवत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत. बाजा नाही, पेटी नाही, नुसते आवाज. गाणं झालं की ते घर जागेवर जाऊन बसतं. मग शांतता, आणि मग दुसरं घर. त्या पहाटे एकदा झालेलं गाणं पुन्हा कुणी म्हणायचं नाही. आणि दुसऱ्या घराचं गाणं तर कधीच म्हणायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. ते म्हणजे न विचारता शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून चुलीवरचं झाकण उघडून बघणं झालं.

हावोद-वेनचं गाणं मेंढवाड्याच्या फाटकाचं. त्यात धनगर म्हणतात, फाटक लावू नका, गारठा आत येऊ द्या, त्याच्या मागून कुणीतरी येतंय. ते तीन भावंडं म्हणायची. नेस्टा वरून, टेग्विनकाका खालून आणि सगळ्यात थोरला आर्वोन मधून. आमच्या जुन्या पद्धतीत चाल मधल्या आवाजात असते. वरचा आणि खालचा आवाज तिला दोन्ही बाजूंनी कुंपण घालतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी आर्वोन गेला. मेंढ्यांना चारा टाकून घरी आला, खुर्चीत बसला, आणि चहा थंड झाला तरी उठला नाही. त्या ख्रिसमसला भाऊ-बहीण दोघंच पुढे आली आणि गायली. एक वरून, एक खालून. पुढच्या ख्रिसमसलाही तसंच. कुंपण छान होतं, शेत नव्हतं. आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत होतो. आणि खरी गंमत अशी की ती चाल चर्चमधल्या प्रत्येकाला पाठ होती. चाळीस वर्षं ऐकलेली. पाठ नव्हती ती फक्त हावोद-वेनच्या दोघांना.

हे बाहेर पडलं ते माबलीमुळे.

माबली ही नेस्टाची मुलगी. बाजारगावातल्या शाळेत संगीत शिकवते आणि तिथल्या तरुण पोरापोरींचा कॉयर, म्हणजे गायनवृंद, चालवते. कॉर्डिफला शिकून आली तेव्हापासून तिचे केस आखूड आणि वाक्यं लांब झाली, असं आमच्या दुकानवाल्या मेनिरबाईंचं मत. तर उन्हाळ्यात माबली घरी आली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मामा, मला आपल्या गाण्याची कॉयरसाठी नवी बांधणी करायची आहे. चाल म्हण."

काकानं घसा साफ केला आणि म्हटली.

"मामा, ही चाल नाही. हा खर्ज आहे."

"मग? गाणं तेच आहे ना?"

"आई, तू म्हण."

नेस्टानं हातातली सुरी खाली ठेवून म्हटलं.

"आई, हीसुद्धा चाल नाही. हा वरचा आवाज आहे."

"चाळीस वर्षं मी हेच म्हणतेय!"

"चाळीस वर्षं तू आर्वोनमामाला सजवत होतीस. तो काय म्हणायचा?"

काकानं दोन्ही हात समोर धरले, एक वर, एक खाली, मधे भाकरीएवढी जागा सोडून. "ते इथं असायचं," तो म्हणाला.

"हो, पण कसं असायचं?"

"मधे."

दोष त्यांच्या बापाचा. म्हाताऱ्यानं तिघांना तीन ठिकाणी शिकवलं होतं. नेस्टाला स्वयंपाकघरात, आर्वोनला गोठ्यात आणि टेग्विनला गवताच्या माळ्यावर. तुझा आवाज भिंतीसारखा उभा राहायला हवा असेल तर शेजारच्याकडे कान द्यायचा नाही, ही त्याची शिकवण. शेजारच्याचं ऐकलंस की त्याच्या मागे गेलास. तिघं इतकी आज्ञाधारक की चाळीस वर्षं खांद्याला खांदा लावून गायली आणि एकमेकांना ऐकलं नाही. माबलीनंही लहानपणी ऐकलं ते नेस्टाच्या कडेवर, नेस्टाच्याच आवाजाखाली. रेकॉर्डिंग? एकदा कुणा पाहुण्यानं चर्चमध्ये फोन वर धरला, तर आर्वोन कडव्याच्या मधे थांबला. फोन खिशात जाईपर्यंत थांबला, आणि पुढे तिथूनच सुरू झाला. नंतर कुणाची छाती झाली नाही.

"विचार ना कुणाला तरी," माबली म्हणाली. "सगळ्यांना येत असणार."

"आपल्या घराचं गाणं मी दुसऱ्याला विचारू?" काका म्हणाला. "उद्या म्हणशील, माझं नाव काय ते पेन्रीला विचारून ये."

पेन्री म्हणजे शेजारच्या शेताचा म्हातारा. ऐंशीचा, पण ताठ. हावोद-वेन आणि पेन्री यांच्यात एक सामाईक कुंपण आहे आणि ते कुणी दुरुस्त करायचं हा प्रश्न दोघांच्या आजोबांपासून चालू आहे. चर्चमध्ये पेन्री हावोद-वेनच्या बरोबर समोर बसतो, पहिल्या बाकावर, डोळे मिटून.

माबली परत गेली आणि जे होतं त्यावर तिनं बांधणी केली. डिसेंबरच्या सुरुवातीला ती तिच्या कॉयरनं रेडिओवर म्हटली. अख्ख्या खोऱ्यानं ऐकली. सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसतं मिटल्या ओठांचं घुमणं, नदीवरून धुकं उठावं तसं. मग त्यातून नेस्टाचा आवाज येतो, पण तीन पोरींत वाटून दिलेला, एक थांबते तिथे दुसरी उचलते, जणू तीन खिडक्यांतून एकच दिवा फिरतोय. खाली पुरुष एक सूर धरून उभे. आणि मधे, जिथे चाल यायची तिथे, काही नाही. घुमणं बाजूला सरतं, जागा होते आणि रिकामी राहते. मग पुढची ओळ, परत तेच. झोपेत जिना उतरताना एक पायरी नसावी, तसं होतं.

रेडिओवरची बाई म्हणाली, या शांततेचं धाडस विलक्षण आहे.

मेनिरबाई दुकानात म्हणाल्या, "मला वाटलं, बॅटरी संपली."

"आधुनिक आहे ते," कुणीतरी म्हणालं.

"आधुनिक कसलं? आर्वोन नाहीये त्यात."

हे म्हणून त्या उगाच अंडी नीट लावायला लागल्या, कारण दारात टेग्विनकाका उभा होता.

काकानं ते गाणं खिंडीच्या माथ्यावर ऐकलं होतं. लॉरी थांबवून ऐकलं, आणि मागचं मिठाचं झाकण बंद करायला विसरला. त्या एका जागी इतकं मीठ पडलं की मेंढ्या आठवडाभर तिथे जत्रा भरवून होत्या. संध्याकाळी त्यानं माबलीला फोन केला.

"माझ्या भावाच्या जागी तू काय ठेवलंस?"

"काही नाही ठेवलं, मामा."

"तेच विचारतोय. का नाही?"

"मला येत नाही ते. मग खोटं काहीतरी कसं ठेवू?"

काका फोन ठेवून अंगणात गेला. दोन वर्षं त्याला आशा होती की एक दिवस ती चाल आपोआप आठवेल. लॉरीत, दाढी करताना, झोपेत. आपण ती ऐकलीच नव्हती, त्यामुळे आठवणार नाही, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. आणि ज्यांनी ऐकली ते म्हातारे होत चाललेत, हेही.

दुसऱ्या दिवशी तो पेन्रीच्या फाटकाशी गेला. हे मला पेन्रीच्या सुनेनं सांगितलं, ती कपडे वाळत घालत होती.

"काय रे टेग्विन?" पेन्री म्हणाला.

"काही नाही. तुझा मेंढा कसा आहे?"

"बरा आहे."

"बरा दिसतोय."

"तो मागच्या बाजूला आहे. तुला इथून दिसत नाही."

"बरं, बरा असेल तर बरंय," असं म्हणून काका निघाला. पेन्री फाटकाला टेकून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग सुनेला म्हणाला, "चाळीस वर्षांत याला माझा मेंढा कधी आवडला होता?" काका गाणं विचारायला आलाय हे त्याला कळलं होतं. पण न विचारता सांगणं म्हणजे झाकण उघडणंच, नाही का?

ख्रिसमसला आठवडा उरला तेव्हा नेस्टानं जाहीर केलं, "मी यंदा उभी राहणार नाही."

"ताई!"

"दोन वर्षं मी कुंपण गातेय, टेग. लोक माना खाली घालून बसतात. मला त्यांची नुसती डोकी दिसतात. माबली तिची पोरं घेऊन येते म्हणतेय. म्हणू दे त्यांना."

"त्यांनी म्हटलं की आपल्याला म्हणता येणार नाही. एका पहाटे एकदाच."

"माहितेय मला. तू मला नियम शिकवू नको."

"म्हणजे घराचं गाणं बाजारगावच्या पोरांच्या तोंडी? तेही भोकासकट?"

"भोक आपल्या घरातलंच आहे. आणि पोरगीही."

काका दोन दिवस रुसला. कौन्सिलच्या माणसानं विचारलं, लॉरीचा आवाज वेगळा का येतोय? तो घुमत नव्हता, इतकंच. तिसऱ्या दिवशी माबलीनं फोन करून सांगितलं, खर्जाला तिच्याकडे तीनच पोरगे आहेत, कोवळे, थंडीत सूर सोडतात, मामा त्यांच्यात उभा राहील का?

"काय म्हणायचं असतं त्यांनी?"

"एकच सूर. शेवटपर्यंत."

"एकच?"

"लॉरीचा," माबली म्हणाली. ती नेस्टाचीच मुलगी.

ख्रिसमसच्या पहाटे असा गारठा होता की ओढ्याचा आवाज बंद पडला होता. काकानं खिंडीवर दोनदा मीठ टाकलं, एकदा कौन्सिलसाठी आणि एकदा भाचीसाठी. पोरांची मिनीबस त्याच्या पिवळ्या दिव्यामागून उतरत आली. विशीतली पोरं ख्रिसमसला अंधारात उठून आली हा त्या दिवसाचा पहिला चमत्कार. अर्धी झोपेत होती. चर्चच्या दारात त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि आत मेणबत्त्यांची, लोकरीची, ओल्या बुटांची ऊब होती. माणूस जागा आहे की नाही हे आमच्या प्लगाइनमध्ये कधीच नीट कळत नाही. गाणी येतात, जातात. मधल्या शांततेत कुणी खोकतं, मेणाचा थेंब पडतो. मग परत पावलं वाजतात.

चार घरं झाली. मग कॉयर उठला. टेग्विनकाका त्या पोरांच्या मागच्या रांगेत, सगळ्यांपेक्षा रुंद, कपाटासारखा. नेस्टा आमच्यात, बाकावर. जन्मात पहिल्यांदा ती हे गाणं समोरून ऐकणार होती. माबलीनं हात वर केला.

घुमणं सुरू झालं. रेडिओवर ते धुक्यासारखं होतं, इथे ते दगडातूनच येत होतं. काकाचा सूर लागला, तो बाकाच्या लाकडावर बोटं ठेवली तर कळत होता. मग पोरींच्या आवाजात नेस्टा आली, एका खिडकीतून, दुसरीतून, तिसरीतून. आणि मग सगळं बाजूला सरलं. जागा झाली.

माना खाली गेल्या. पण जागा फार मोठी होती. भावंडं गायची तेव्हा ओळ लगेच पुढे जायची, माणूस कसाबसा दम धरायचा. माबलीनं ती इतकी सावकाश, इतकी रुंद ठेवली होती की त्यात कुणीतरी पडणारच होतं. पेन्री पडला.

त्याचे डोळे मिटलेले होते. मला आजही वाटतं, त्याला आपण गातोय हे माहीतच नव्हतं. कापऱ्या, कोरड्या आवाजात पहिली ओळ बाहेर आली. फाटक लावू नका. काकाची मान एकदम वळली. माबलीचा हात हवेत थांबला, पण खाली आला नाही. पोरं तिच्याकडे बघत सूर धरून राहिली. दुसरी ओळ. गारठा आत येऊ द्या. अख्खं चर्च श्वास धरून. ऐंशी वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभा होता.

तिसऱ्या ओळीला पेन्री चुकला. चाल खाली उतरते तिथे तो वर गेला.

"खाली!" मागून मेनिरबाई म्हणाल्या. मोठ्यानं. आणि मग, दोन वर्षं धरलेलं सुटावं तसं, त्यांनी ती ओळ स्वतःच म्हणून दाखवली. पाद्रीबाबांच्या बायकोनं त्यांना साथ दिली. मग कुणीतरी डावीकडून, मग पेन्रीची सून, मग मीसुद्धा. पेन्रीनं डोळे उघडले आणि तो हट्टानं पुन्हा वर गेला. दुसऱ्या कडव्याला बाकंच्या बाकं आर्वोन झाली होती. जाड, बेसूर, सर्दी झालेला, पन्नास तोंडांचा आर्वोन. वर पोरी नेस्टा होऊन तरंगत होत्या, आणि आमची नेस्टा हातमोजा तोंडावर दाबून, मान वर करून, छताकडे बघत बसली होती.

टेग्विनकाका गात नव्हता. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. बापानं माळ्यावर शिकवलेलं सगळं एका क्षणात गेलं. तो कान देऊन उभा होता. आणि ते तीन कोवळे पोरगे त्याच्याच आवाजाला टेकून होते, तो थांबला तसे तेही थांबले. त्यामुळे हावोद-वेनचं गाणं दोन वर्षांनी चालीसकट झालं खरं, पण बिनखर्जाचं.

शेवटचा सूर विझल्यावर जी शांतता झाली तितकी लांब शांतता आमच्या चर्चनं ऐकलेली नाही. कुणालाच कळेना की कोणत्या घरानं काय म्हटलं, आणि आता कुणी कुणाची माफी मागायची. शेवटी पुढचं घर उठलं, म्हणून सुटलो.

नंतर शेजारच्या खोलीत न्याहारी असते. थंड हॅम, पाव, लोणी, मोठ्या किटलीतला चहा. नेस्टा ताट घेऊन तडक भावाकडे आली.

"खर्ज कुठे होता रे? सोळा पोरं आणि सगळं गाव गात होतं, आणि तू खांबासारखा उभा!"

"ताई, तू ऐकलंस?" काका म्हणाला. "ते खाली येतं तेव्हा..."

"वर जातं," पेन्री टेबलापलीकडून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज ताठ होता. "शिरलोच आहे तर नीट सांगतो. तिसरी ओळ वर जाते."

"खाली येते," मेनिरबाई म्हणाल्या.

"मी पहिल्या बाकावर बसतो."

"बसता, पण झोपता."

"आर्वोन वर जायचा!" पेन्रीनं काटा खाली ठेवला आणि गाऊन दाखवलं. मेनिरबाईंनी लोण्याची सुरी हातात असतानाच खाली येऊन दाखवलं. माबलीनं फोन बाहेर काढला, काकाकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. शेजारच्या टेबलावरून कुणी म्हणालं, दोन्ही चूक, आर्वोन आधी थोडा थांबायचा, असा. आणि त्यानंही म्हटलं.

बाहेर उजाडत होतं. काचांवरचं दव पिवळं दिसायला लागलं होतं. टेग्विनकाकाचा चहा समोर निवून गेला होता. तो एकदा पेन्रीकडे वळायचा, एकदा मेनिरबाईंकडे.

"परत म्हण बरं," तो पेन्रीला म्हणत होता. "मला नीट कळलं नाही."

आणि पेन्रीचं संपलं की, "आता बाई, तुम्ही."

निकाल तो काही देत नव्हता.